न बोलणारी घरे: अमेरिकेतील लहान गावांच्या काळोख्या कौटुंबिक कादंबऱ्या वाचायला सुरुवात करताना

मराठी मध्यमवर्गाचा नातेवाइकांमार्फत ज्या अमेरिकेशी संबंध येतो, ती न्यू जर्सीची आणि कॅलिफोर्नियाची, नोकरीसाठी गेलेल्या माणसांच्या उपनगरांची अमेरिका आहे. हा लेख ज्या कथा-कादंबऱ्यांविषयी आहे, त्या ओहायोच्या शेतांमध्ये, मिसुरीच्या डोंगरकपारींत, आयोवाच्या सपाट काळ्या जमिनीवर आणि मिसिसिपीच्या चिखलात घडतात. तिथे एक मुख्य रस्ता असतो, दोन-तीन चर्च असतात, एक शाळा असते, कधी एखादा कारखाना असतो किंवा बंद पडलेल्या कारखान्याची इमारत असते. कोणाच्या घरात काय चालले आहे हे तिथे सगळ्यांना थोडेफार ठाऊक असते आणि त्याविषयी बहुधा कोणीच बोलत नाही.

नवा वाचक या पुस्तकांकडे वळतो तेव्हा त्याला आधी घटनाच दिसतात, कारण घटना भयंकर असतात. मारहाण, दारू, मुलांवरचे अत्याचार, विषप्रयोग, जाळपोळ हे सारे या पुस्तकांत आहे. परंतु अनेक वर्षे हे साहित्य वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या पुस्तकांतला खरा अंधार घराने त्या घटनांविषयी पाळलेल्या मौनात असतो, आणि ते मौन ऐकायला शिकल्याशिवाय ही पुस्तके हाती लागत नाहीत. पुढे जो वाचनाचा क्रम दिला आहे, तो त्यासाठीच आहे.

आधी कथा, मग कादंबरी

सुरुवात शेरवुड अँडरसन यांच्या ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने करावी. लेखकाचे बालपण ओहायोतील क्लाइड या गावी गेले आणि त्याच गावाच्या आठवणींतून हे काल्पनिक गाव उभे राहिले. पुस्तकात स्वतंत्र वाचता येतील अशा छोट्या कथा आहेत, माणसे मात्र एका कथेतून दुसऱ्या कथेत ये-जा करतात, आणि जॉर्ज विलार्ड नावाचा गावच्या वृत्तपत्राचा तरुण बातमीदार त्या सर्वांना जोडतो. त्यामुळे एका बैठकीला एक कथा असे वाचले तरी महिन्याभरात सबंध गाव ओळखीचे होते.

त्यातल्या ‘मदर’ आणि ‘डेथ’ या दोन कथा लागोपाठ वाचाव्यात, जरी पुस्तकात त्या दूर दूर असल्या तरी. जॉर्जची आई एलिझाबेथ एका कळकट हॉटेलात आजारी अवस्थेत दिवस काढते आहे. लग्नाआधी तिच्या वडिलांनी तिला आठशे डॉलर दिले होते. लग्नानंतर आठवड्याभरात तिने ते पत्र्याच्या पेटीत घालून पलंगाच्या पायथ्याशी भिंतीच्या गिलाव्यामागे लपवले आणि हॉटेलात कामावर असलेल्या एका मजुराकडून ती भिंत बुजवून घेतली. हे पैसे एक दिवस मुलाला देऊन त्याला या गावातून बाहेर काढायचे, एवढाच विचार तिने वर्षानुवर्षे जपला. शेवटी तिला अर्धांगवायू होतो, वाचा जाते आणि भिंतीतल्या पैशांविषयी मुलाला सांगण्याआधीच ती मरते. पैसे भिंतीतच राहतात. मुलगा पुढे गाव सोडून रेल्वेने निघून जातो, पण आपल्या आईने आपल्यासाठी काय ठेवले होते हे त्याला कधीच कळत नाही. या कथेत ना खून आहे, ना मारहाण. तरीही पुढच्या शंभर वर्षांच्या या प्रकारच्या लेखनाचे बीज मला त्या बुजवलेल्या भिंतीत दिसते, आणि म्हणून माझा आग्रह आहे की नव्या वाचकाने आधी या भिंतीपाशी थांबावे.

गावाची यंत्रणा समजून घेणे

दुसरे काम थोडे कोरडे आहे, पण ते टाळले तर पुढे पदोपदी अडते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांचे तुकडे कौंटी नावाच्या, आपल्या जिल्ह्यासारख्या विभागांत झालेले असतात आणि कौंटीच्या मुख्य गावात न्यायालयाची इमारत असते. शेरीफ हा कायदा राखणारा अधिकारी बहुतेक राज्यांत मतदारांनी निवडून दिलेला असतो. याचा अर्थ असा की, ज्या घरात पोलिसांनी जायला हवे, त्या घरची आणि त्यांच्या भाऊबंदांची मते त्यालाच हवी असतात, शिवाय अनेकदा तो त्यांच्यासोबतच शाळेत शिकलेला असतो. कादंबरीत शेरीफ दारापर्यंत येऊन परत फिरतो तेव्हा हे ध्यानात असावे.

चर्च हे केवळ प्रार्थनेचे ठिकाण नसते. आठवड्यातून एकदा सगळे गाव तिथे एकमेकांना पाहते, तपासते आणि निकालही देते. अंतरांचाही विचार करावा लागतो. शेजारचे घर मैलभर लांब असेल, सार्वजनिक वाहतूक नसेल आणि गाडी नवऱ्याच्या किंवा बापाच्या ताब्यात असेल, तर ‘ती निघून का गेली नाही’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या अंतरातच असते.

उरलेले अर्धे उत्तर पैशात असते. ओहायोतील यंग्सटाऊन येथे १९ सप्टेंबर १९७७ रोजी एका पोलाद कंपनीने आपला मोठा कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि सुमारे पाच हजार माणसांचे काम गेले. तो सोमवार तिथे आजही ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. १९८०च्या दशकात मध्य-पश्चिमेतील शेतकरी कर्जात बुडाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी लिलावात गेल्या. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे तीव्र वेदनाशामक बाजारात आले आणि खाणकामाने, लाकूडतोडीने शरीर झिजलेल्या भागांत त्याचे व्यसन घरोघरी शिरले. कोणतीही कादंबरी उघडताना ती कोणत्या साली घडते आहे आणि त्या गावातले कोणते काम नुकतेच संपले आहे, हे आधी पाहून घ्यावे. बापाच्या हाताला काम नाही आणि त्याविषयी घरात बोलायचे नाही, अशा ठिकाणी त्याचा राग कोणावर निघतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

घर कोणाच्या नावावर आहे

हा प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारावा. डॅनियल वुड्रेल यांच्या ‘विंटर्स बोन’ (२००६) या कादंबरीत तो अगदी उघडपणे येतो, म्हणून कादंबऱ्यांपैकी हिला मी पहिले स्थान देतो. मिसुरीच्या ओझार्क डोंगराळ भागात राहणाऱ्या सोळा वर्षांच्या री डॉलीचा बाप अमली पदार्थ बनवण्याच्या गुन्ह्यात जामिनावर सुटला आहे, जामिनासाठी त्याने राहते घर आणि भोवतालची झाडी लिहून दिली आहे आणि तो बेपत्ता आहे. तारखेला तो हजर झाला नाही तर मन हरवून बसलेली आई, दोन लहान भाऊ आणि री यांना छप्पर उरणार नाही. ती त्याला शोधायला निघते ती स्वतःच्याच भाऊबंदांच्या दारी, आणि तिथे प्रत्येक दारात तिला गप्प बसण्याचा सल्ला किंवा धमकी मिळते.

कादंबरीच्या पहिल्याच प्रसंगात पहाटेच्या थंडीत री दाराच्या पायरीवर उभी आहे आणि ओढ्यापलीकडे नातलगांच्या झाडांना हरणांचे सोललेले धड टांगलेले तिला दिसतात. घरात खायला फारसे नाही. भाऊ म्हणतो की आपण मागून पाहू या. जे समोरून देऊ केले जायला हवे ते कधी मागायचे नाही, असे री त्याला बजावते. या एका प्रसंगात भूक, नाते, अभिमान आणि तिथला अलिखित कायदा असे चारही धागे आले आहेत. प्रसंग दोनदा वाचावा. भाषा प्रादेशिक आणि घट्ट विणीची आहे, त्यामुळे पहिली वीस पाने मोठ्याने वाचल्यास सोपे जाते. प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नये, कारण निम्मे शब्द कोशात मिळणारही नाहीत आणि संदर्भावरून ते कळतात.

सांगणारा काय लपवतो आहे

शर्ली जॅक्सन यांची ‘वी हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल’ ही १९६२ सालची लहानशी कादंबरी या अभ्यासासाठी उत्तम आहे. अठरा वर्षांची मेरीकॅट आपल्याला गोष्ट सांगते. सहा वर्षांपूर्वी रात्रीच्या जेवणात साखरेतून आर्सेनिक गेले आणि घरातली चार माणसे मेली. थोरली बहीण कॉन्स्टन्सवर खटला झाला आणि ती निर्दोष सुटली. आता त्या दोघी आणि विषातून वाचलेले, व्हीलचेअरवर असणारे ज्यूलियन काका एवढेच त्या मोठ्या घरात राहतात, आणि मेरीकॅट मंगळवारी आणि शुक्रवारी सामान व वाचनालयाची पुस्तके आणायला गावात जाते.

हे पुस्तक वाचताना पेन्सिल हातात ठेवावी. मेरीकॅट ज्या गोष्टींविषयी भरभरून बोलते, म्हणजे झाडांत पुरलेल्या वस्तू, मांजर, बहिणीने केलेला स्वयंपाक, गावकऱ्यांचा द्वेष, त्यांच्यापुढे एक खूण करावी. त्या रात्रीविषयी ती जेव्हा जेव्हा विषय बदलते, तिथे दुसरी खूण करावी. साखरेचे भांडे हा या घरातला सर्वांत बोलका पदार्थ आहे: पोलीस येण्याआधी कॉन्स्टन्सने ते धुऊन ठेवले होते आणि कारण सांगितले होते की त्यात कोळी होता. वाचकाला हे कारण हास्यास्पद वाटते, पण घरातले कोणीही त्यावर दुसरा प्रश्न विचारत नाही. पुस्तक संपल्यावर दुसऱ्या प्रकारच्या खुणा ओळीने पुन्हा वाचाव्यात. त्या खुणांमध्ये एक सबंध दुसरी कादंबरी लपलेली आढळेल. गावाचा द्वेष आणि घरातला गुन्हा यांपैकी अधिक भयावह काय, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही.

‘नटसम्राट’ माहीत असलेल्या वाचकासाठी

मराठी वाचकाला ज्या कादंबरीचे दार जवळजवळ उघडेच मिळते, ती जेन स्मायली यांची ‘अ थाउजंड एकर्स’ होय. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९९२ चे पुलित्झर पारितोषिक तिला मिळाले. शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’वरून ती रचली आहे, आणि त्याच नाटकाच्या प्रेरणेतून वि. वा. शिरवाडकरांनी १९७० साली ‘नटसम्राट’ लिहिले. म्हणजे एकाच झाडाच्या या दोन फांद्या आहेत. ‘नटसम्राट’मध्ये आपण गणपतराव बेलवलकरांच्या बाजूला बसतो, सर्व काही मुलांना देऊन टाकलेल्या बापाचा अपमान त्यांच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्यांच्यासोबत रडतो. स्मायली यांनी खुर्ची उचलून पलीकडे ठेवली आहे. इथे सांगणारी आहे थोरली मुलगी जिनी.

१९७९ साल आहे, आयोवातले शेत आहे आणि लॅरी कुक हा गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा शेतकरी अचानक आपली हजार एकर जमीन तीन मुलींच्या नावे करायचे ठरवतो. धाकटी, वकील झालेली कॅरोलाइन, जरा बिचकते आणि तिला तिथल्या तिथे वगळले जाते. पुढे वादळी रात्र येते, बाप मुलींना शिव्याशाप देऊन पावसात निघून जातो, आणि ‘लिअर’ किंवा ‘नटसम्राट’ माहीत असलेला वाचक आपोआप बापाकडे झुकतो. गावही तसेच झुकते. चर्चच्या सामूहिक जेवणात सर्वांसमक्ष या मुलींचा उद्धार होतो. मग हळूहळू, मधली बहीण रोझ बोलू लागते तसतसे, या बापाने या घरात मुलींच्या लहानपणी काय केले होते ते वर येते. जिनीने तर ते स्वतःपासूनही लपवले होते.

या कादंबरीत जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळ्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तो भाग पुढच्या वाचनाच्या घाईत ओलांडून जाऊ नये. ही जमीन मुळात दलदलीची होती. जिनीच्या पूर्वजांनी हाताने चर खणून खाली नळ्या घातल्या, पाणी काढून दिले आणि वर काळी, सुपीक, सपाट जमीन तयार झाली. जिनीला कायम जाणवते की पायाखाली, दिसत नसले तरी, पाणी वाहते आहे. तेच पाणी शेतातली रसायने घेऊन विहिरीत उतरते, आणि आपले गर्भ एकामागून एक का पडले याचा संशय जिनीला त्या पाण्यावर येतो. जमिनीची ही माहिती कथेपासून अलग काढता येत नाही. घराचे सुबत्तेचे रूप आणि त्याखाली गाडलेली गोष्ट यांचा संबंध लेखिकेने शेतीच्या तंत्रातूनच दाखवला आहे, आणि शेतीशी ज्याचा काही संबंध आहे अशा मराठी वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

मला असे सुचवावेसे वाटते की आधी ‘नटसम्राट’ पुन्हा वाचावे आणि त्याच आठवड्यात ही कादंबरी सुरू करावी. बेलवलकरांवरचे प्रेम यामुळे कमी होत नाही. मात्र ‘घर’ या शब्दाची जी ओढ ते नाटक आपल्यात निर्माण करते, तिची दुसरी बाजू दिसल्यावर आपण कोणाच्या आवाजात गोष्ट ऐकत आलो आहोत हे लक्षात येते.

अवघड पुस्तक केव्हा घ्यावे

विल्यम फॉक्नर यांचे नाव या वाटेवर येणारच. त्यांची ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ (१९३०) मी पहिल्यांदा हाती घेतली तेव्हा साठ-सत्तर पानांनंतर मिटून ठेवली होती, कारण कोण बोलते आहे आणि कोण कोणाचे हे कळेना. नव्या वाचकाची तशी निराशा होऊ नये म्हणून एक साधा उपाय सांगतो. पुस्तकात ५९ प्रकरणे आहेत आणि १५ जण आळीपाळीने बोलतात. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर बोलणाऱ्याचे नाव असते. एका जाड कागदाची खूणपट्टी करावी, तिच्यावर बंड्रेन कुटुंबाची वंशावळ लिहावी (बाप अ‍ॅन्स, मरणारी आई अ‍ॅडी, मुलगे कॅश, डार्ल, ज्यूएल आणि धाकटा वार्डमन, मुलगी ड्यूई डेल) आणि ती पट्टी पुस्तक संपेपर्यंत सोबत ठेवावी.

कथा तशी सरळ आहे. आईला तिच्या माहेरच्या माणसांत, जेफरसनला, पुरायचे आहे आणि तिचे प्रेत गाडीत घालून सारे कुटुंब पुराच्या नदीतून आणि उन्हातून निघते. थोरला कॅश सुतार आहे. आई खिडकीतून पाहत असताना तो बाहेर तिचीच शवपेटी तासत असतो. त्याचे एक सबंध प्रकरण म्हणजे पेटीचे सांधे तिरके का कापले याची तेरा कलमांची यादी आहे. त्या यादीत दुःखाचा एक शब्दही नाही. आईविषयी त्याला जे म्हणायचे आहे, ते त्याने लाकडाविषयी म्हटले आहे, आणि वाचकाला हे एकदा उमगले की फॉक्नर फारसे अवघड राहत नाहीत. ‘द साउंड अँड द फ्युरी’ मात्र यानंतरच घ्यावी.

टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) ही ओहायोतील लोरेन या पोलाद कारखान्याच्या गावात घडते आणि या यादीत तिला वगळणे अन्यायाचे ठरेल, कारण वर्णद्वेष जेव्हा घराच्या आत येतो तेव्हा काय होते हे तिच्याइतके मोजक्या पानांत फार थोड्यांनी लिहिले आहे. पुस्तकाच्या आरंभी शाळेच्या वाचनमालेतला सुखी गोऱ्या कुटुंबाचा उतारा आहे: सुंदर घर, आई, वडील, मुलगा, मुलगी, मांजर, कुत्रा. तोच उतारा लगेच विरामचिन्हांशिवाय येतो आणि नंतर शब्दांमधली मोकळी जागाही काढून टाकून येतो, इतका की तो वाचताना श्वास घ्यायला जागा उरत नाही. निळ्या डोळ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या पेकोलाची गोष्ट त्यानंतर सुरू होते. काय घडले ते आपल्याला सुरुवातीलाच सांगितले जाते. का घडले हे पेलणे कठीण, म्हणून कसे घडले ते सांगते, असे निवेदिका म्हणते. पुस्तकात बालिकेवरील अत्याचार आहे आणि तो सूचकपणे मांडलेला नाही.

म्हणून एक पथ्य सांगतो आणि ते मनापासून सांगतो. यांतील दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचू नयेत. मध्ये किमान दोन-तीन आठवडे दुसरे काही वाचावे. ज्यांच्या स्वतःच्या घरात असे काही घडले आहे त्यांनी पुस्तकात काय आहे याची कोणा विश्वासू वाचकाकडून आधी चौकशी करावी, आणि मधेच पुस्तक बंद करावेसे वाटले तर बंद करावे. तसे करण्यात कमीपणा नाही. शक्य असल्यास एखाद्या मित्रासोबत तेच पुस्तक त्याच काळात वाचावे. न बोलण्याविषयीची पुस्तके एकट्याने वाचून गप्प बसण्यापेक्षा हे बरे.

पुढची वाट, आणि एक मागची

इथवर आल्यावर वाचकाला आपली आवड कळलेली असते. ज्यांना पाणी, थंडी आणि शांत गद्य मानवते त्यांनी मॅरिलिन रॉबिन्सन यांची ‘हाउसकीपिंग’ (१९८०) घ्यावी. बापाची हिंसा मुलात कशी उतरते हे पाहायचे असेल त्यांनी रसेल बँक्स यांची ‘अफ्लिक्शन’ (१९८९) घ्यावी, जिथे धाकटा भाऊ थोरल्याची कहाणी सांगतो. आजच्या काळाजवळ यायचे असेल तर बार्बरा किंगसॉल्व्हर यांची ‘डीमन कॉपरहेड’ आहे. २०२२ साली आलेली आणि पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालेली ही कादंबरी चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’चा सांगाडा घेऊन व्हर्जिनियातील ली कौंटीत, वेदनाशामक गोळ्यांच्या काळात घडते. ती लांबलचक आहे, पण सांगणाऱ्या मुलाचा आवाज इतका जिवंत आहे की पाने जाणवत नाहीत.

ज्यांना इंग्रजी वाचन जड जाते, किंवा ज्यांना या गावांचा जन्म पाहायचा आहे, त्यांच्यासाठी मराठीत एक ठेवा आधीपासून आहे. कॉनरॅड रिक्टर यांच्या ओहायोविषयीच्या तीन कादंबऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. घनदाट अरण्यात आलेले एक कुटुंब, मग तोडलेल्या झाडांच्या जागी उभी राहिलेली शेते आणि अखेरीस त्या शेतांवर वसलेले गाव, असा तो प्रवास आहे. तिन्ही ओळीने वाचून मग पुन्हा ‘वाइन्सबर्ग’ उघडावे. दोन्हीकडची माती ओहायोचीच आहे, आणि एलिझाबेथ विलार्डने ज्या भिंतीत पैसे बुजवले, तशा भिंती ज्या गावांत उभ्या राहिल्या त्यांच्यासाठी आधी किती झाडे पडली होती, हे तोवर आपण वाचलेले असते.